ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? लोकल की लाइन, हे नुसता पगार ऐकून ठरवू नका

ट्रकच्या केबिनमधले व्हिडीओ सध्या मोबाइलवर धो धो येतायत. सीटमागच्या बर्थवर अंथरलेली गादी, पंपाच्या कडेला पेटवलेला छोटा गॅस, काचेतून दिसणारा राजस्थानचा सूर्योदय. हे बघून दहावी-बारावीनंतर काय करायचं या विचारात असलेल्या गावाकडच्या पोरांचा ठरलेला प्रश्न येतो, ‘दादा, महिन्याला किती सुटतात?’

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला ‘महिन्याला किती’ विचारणं ठीक आहे. जो माणूस महिन्यातले चोवीस दिवस घराबाहेर राहणार, त्यानं वेगळं विचारायला हवं : गाडी थांबलेली असते तेव्हाचे पैसे कोण देतं? लोकल आणि लांब पल्ल्याच्या कामातला (ट्रकवाल्यांच्या भाषेत ‘लाइन’) खरा फरक इथंच आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नवख्या ड्रायव्हरनं पहिली दीड-दोन वर्षं लोकललाच काढावीत, पगार कमी वाटला तरी. का, ते पुढं बघू.

लायसन्स : कुठून सुरुवात करायची?

मोटार वाहन कायद्यानुसार १८ व्या वर्षी हलक्या वाहनाचं लायसन्स मिळतं. सार्वजनिक रस्त्यावर ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला मात्र वय २० पूर्ण लागतं. शिवाय हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी कारचं लायसन्स काढून ठेवणाऱ्याचा पुढं वेळ वाचतो. डॉक्टरचा फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ ही दोन कागदं लागतात. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये केंद्रानं काढून टाकली. तरी अजून काही एजंट त्या नावाखाली पैसे मागत असतील, तर देऊ नका.

ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षं चालतं. पेट्रोल, गॅस, केमिकल अशा धोकादायक मालासाठीचं ३ वर्षं, आणि त्याच्या नूतनीकरणाआधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं.

आता एक गोष्ट, जी अनेकांना अजून नीट कळलेली नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेली व्यक्ती एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं मालवाहू वाहन चालवू शकते, त्यासाठी वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. छोटा हत्ती आणि पिकअप या मर्यादेत आरामात बसतात. टेम्पो आणि आयशरच्या बाबतीत नुसतं नाव ऐकून अंदाज करू नका, आरसी बुकावरचं एकूण वजन वाचा. आकडा ७,५०० च्या वर गेला की नियम बदलले. अपघात झाल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच आकडा बघते.

राहिलं शिकणं. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवलेला आहे. ३८ तासांत माणूस पूर्ण ड्रायव्हर होत नाही हे खरं. पण मैदानात दोन चकरा मारून लायसन्स हातात पडलेला माणूस ज्या ट्रकवर बसतो, त्याच्या पुढच्या गाडीत तुमचं-माझं कुटुंब असतं.

लोकल म्हणजे सोपं काम नव्हे

लोकल म्हणजे काय, तर सकाळी निघून रात्री घरी. निदान कागदावर तरी. भिवंडीच्या गोदामांतून मुंबई-ठाण्याच्या दुकानांत माल टाकणं, वाशीच्या मार्केटमधून भाजीपाला उचलणं, चाकणच्या कंपन्यांत सुटे भाग पोहोचवणं, उरणला न्हावा शेवा बंदरातून सीएफएसपर्यंत कंटेनर ओढणं. यातलं शेवटचं काम लोकल असूनही मोठ्या ट्रेलरचं आहे.

शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. त्यामुळे लोकल ड्रायव्हरचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, नाहीतर रात्री अकराला. गल्लीत गाडी वळवायची, लोंबकळत्या वायरी चुकवायच्या, पार्किंग नसलेल्या दुकानासमोर माल उतरवायचा आणि दंडाचं ई-चलान घेऊन परत यायचं. कंटेनरचं काम फेरीवर असेल तर बंदराच्या गेटवर रांग लागली की दिवसाला दोनऐवजी एकच फेरी होते. घर बारा किलोमीटरवर असूनही रात्र ट्रेलरमध्येच जाते. ‘लोकल म्हणजे रोज घरी’ हे वाक्य जाहिरातीत वाचलंत, तर गेटवर उभ्या ड्रायव्हरला एकदा विचारून घ्या.

तरीही सुरुवात इथूनच करा, असं मी म्हणतोय. कारण लोकलला एका महिन्यात जितक्या वेळा गाडी रिव्हर्स घ्यावी लागते, तितकी लाइनवर सहा महिन्यांत लागत नसेल. इथं चूक झाली तर बंपर जातो. लाइनवर ताशी ७० ला झालेल्या चुकीत बंपरवर भागत नाही. शिवाय इथं कागद शिकायला मिळतात : बिल्टी, ई-वे बिल, काट्याची पावती, माल मिळाल्याची सही. गाडी बंद पडली तर शेठचा मेकॅनिक तासाभरात येतो. ओडिशाच्या हद्दीत, भाषा येत नसताना, रात्री दोनला एअर पाइप फुटला तर तो तुमचा तुम्हालाच ओळखता आला पाहिजे. हे सगळं पूर्वी क्लीनर म्हणून उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काढून पोरं शिकायची. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत ही अटही २०१८ मध्ये सैल झाली. थोडक्यात, उस्तादाकडून शिकायची शाळा बंद पडलीय. तिची जागा घेणारं काही असेल तर ते लोकलचं काम.

लाइनचा पगार मोठा दिसतो, पण भागाकार करा

इंजिनिअरिंगमध्ये एक सवय लागते, आकडा दिसला की त्याचं एकक विचारायचं. इथंही तेच करू. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले खरे आकडे टाकून गणित स्वतः करा.

समजा लोकलला १८,००० रुपये मिळतात. रोज ११ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २८६ तास. तासाला साधारण ६३ रुपये पडले. लाइनवर समजा ३०,००० मिळतात आणि तुम्ही २४ दिवस बाहेर आहात. रोजचे १४ तास काम धरलं तर ३३६ तास, तासाला ८९ रुपये. लाइन जिंकली, असं वाटतं.

पण उरलेले दहा तास तुम्ही कुठं असता? गाडीतच. माल तुमच्या भरवशावर, डिझेलची टाकी तुमच्या भरवशावर, झोपही अर्धीच. ते तास धरले तर २४ दिवसांचे ५७६ तास होतात, आणि भाव ५२ रुपयांवर येतो. त्यात बाहेरच्या जेवण-चहा-आंघोळीचे रोजचे ३०० रुपये स्वतःच्या खिशातून जात असतील तर ७,२०० वजा करा. उरले २२,८००. तासाला ४० रुपयेसुद्धा नाहीत.

म्हणून लाइन वाईट असं नाही. खुराकी, म्हणजे जेवणाचा भत्ता वेगळा मिळत असेल, थांबलेल्या दिवसाचे पैसे मिळत असतील, तर हेच गणित उलटं फिरतं. ज्याला गावात घर बांधायचंय, डोक्यावर कर्ज आहे आणि एकरकमी पैसा हवाय, त्याच्यासाठी लाइन हा सरळ मार्ग आहे. बाहेर असताना पैसा खर्च होत नाही, घरी येतो तेव्हा गठ्ठा येतो. अनेक घरं त्यावर उभी राहिलीत. पण हा निर्णय महिन्याच्या एका आकड्यावर होऊ नये, इतकंच.

थांबणं किती असतं, याचा अंदाज यायला मुंबई-कोलकाता घ्या. अंतर सुमारे २,००० किलोमीटर. भरलेला ट्रक आपल्याकडे दिवसाला तीनेकशे किलोमीटर कापतो असं धरलं, तर जायलाच सात दिवस. तिथं गोदामात नंबर लागेपर्यंत एक-दोन दिवस. मग रिटर्न भाडं शोधायचं. ते लगेच मिळालं तर ठीक. नाहीतर ट्रान्सपोर्टनगरात गाडी उभी, आणि फेरीवर पैसे ठरलेले असतील तर त्या दिवसांची तुमची कमाई शून्य. शेठचंही नुकसान होतं हे मान्य. पण शेठ घरी जेवत असतो.

माल उतरवताना ‘वाराई’ नावाचा आणखी एक खर्च येतो. हमालांना द्यायचे हे पैसे माल पाठवणाऱ्यानं द्यायचे, घेणाऱ्यानं की ट्रकवाल्यानं, यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदार संघटनांची जुनी मागणी आहे. ती सगळीकडे मान्य होईपर्यंत नव्या ड्रायव्हरनं एवढं करावं : वाराई ट्रिप खर्चात धरलीय का, हे गाडी हलण्याआधी विचारावं.

डिझेल वाचवण्याचा बक्षीस-धंदा

या एका मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

अनेक ठिकाणी फेरीचं डिझेल ठरवून दिलेलं असतं. जास्त लागलं तर ड्रायव्हरच्या हिशेबातून कापतात, वाचलं तर ते पैसे ड्रायव्हरचे. वरवर बघता ही योजना हुशारीची आहे. नीट गिअर टाकणारा, उगाच रेस न करणारा ड्रायव्हर खरंच डिझेल वाचवतो. पण पगार कमी आणि डिझेलचा आकडा आवळून दिलेला असला की ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतो. काही जण तर इंजिनच बंद करतात.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका ट्रकनं अनेक गाड्यांना धडका दिल्या, नुकसान झालेल्या वाहनांचा आकडा ४८ सांगितला गेला. ब्रेक फेल झाले, असं आधी सगळ्यांना वाटलं. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं नंतर पोलिसांनी सांगितलं.

यात यांत्रिकदृष्ट्या काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद केलं की नवी हवा भरणं थांबतं, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते. पॉवर स्टिअरिंगही इंजिनवरच चालतं, ते जड होतं. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतः गाडीला मागं ओढून धरतं, तेही गेलं. आता वीस-पंचवीस टन वजन फक्त ब्रेकच्या ड्रमवर आलं. ड्रम तापले की ब्रेकची पकड सुटते. खंबाटकी असो, कसारा असो की खंडाळा, जुने ड्रायव्हर सांगतात तोच नियम : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. नवीन गाडीत तर गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनला डिझेल जातच नाही. म्हणजे न्यूट्रल करून वाचतं काय, तर काहीच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच थोडं डिझेल जळतं. ही गोष्ट प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवी.

डिझेलचा आकडा असा आवळून देणारा शेठ असेल, तर ती नोकरी पगार कितीही असला तरी नाकारा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधला रस्ता असतो

लोकल आणि लाइन अशी दोनच दारं आहेत, असं पोरांना वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीनशे किलोमीटरचं ठरलेल्या मार्गाचं कामही भरपूर आहे. चाकण ते वाळूज किंवा नाशिक असे सुट्या भागांचे ठरलेले मार्ग आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून जिल्ह्याजिल्ह्यांच्या पंपांवर जाणारे टँकर आहेत, दुधाचे टँकर आहेत. यात वेळापत्रक असतं, रस्ता ओळखीचा होतो, एखादी रात्र बाहेर आणि पुढची घरी असं चक्र बसतं. इंधनाच्या टँकरला धोकादायक मालाचं प्रशिक्षण लागतं, शिस्त कडक असते, म्हणून तिथं गर्दी कमी. लोकलला दीड वर्ष काढलेल्या आणि एकही अपघात नसलेल्या पोरासाठी लाइनच्या आधीची ही पायरी मला सगळ्यात चांगली वाटते.

स्वतःची गाडी घेण्याचा विचार पहिल्या दोन वर्षांत नको. भाडं नसलं तरी हप्ता थांबत नाही.

शेठला काय विचारायचं?

नोकरी मागायला गेलेला माणूस प्रश्न विचारायला कचरतो. पण चांगला ड्रायव्हर मिळत नाही ही ओरड मालकांचीच आहे, तेव्हा थोडं विचारायला हरकत नाही.

पहिलं, पैसे पगारावर की फेरीवर, आणि गाडी उभी राहिली तर काय. दुसरं, खुराकी वेगळी की त्यातच. उचल घेतली तर हिशेब कधी होतो, हेही विचारा. उचलीत अडकलेला ड्रायव्हर नोकरी सोडू शकत नाही. पैसे शक्यतो बँकेत मागा. यामागं कारण आहे : पगारी ड्रायव्हरला कामावर इजा झाली तर कायद्यानुसार भरपाईचा हक्क असतो, आणि ट्रकच्या विम्यात ती जबाबदारी धरलेली असते. पण तुम्ही त्या गाडीवर नोकरीला होता हेच सिद्ध करता आलं नाही, तर घरच्यांना कोर्टाच्या चकरा माराव्या लागतात. बँकेतली दरमहा जमा झालेली रक्कम हा सोपा पुरावा आहे.

तिसरं, ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. काट्याची पावती बघितल्याशिवाय गाडी हलवू नका. ‘भर रे, काही होत नाही’ म्हणणारा माणूस चेकपोस्टवर तुमच्या शेजारी बसलेला नसतो.

कामाच्या तासांचं काय? कायदा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि आपल्याकडचे कित्येक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे आहेत. आता हा कायदा नव्या श्रमसंहितेत गेलाय. रस्त्यावर मात्र आठ तासांनंतर गाडी बाजूला लावणारा ड्रायव्हर शोधून दाखवा. तास विचारून फार फायदा होणार नाही, पण ‘पोहोचायची वेळ किती दिली जाते’ हे विचारा. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. म्हणजे सरकारच्या कागदावरही मालाला घाई नाही. शेठ दिवसाला सहाशे किलोमीटर सांगत असेल, तर तो तुमची झोप विकतोय.

गाडीचं उत्पादन वर्षही विचारून घ्या. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार झालेल्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. नव्या पोराला सहसा जुनीच गाडी मिळते, हे वेगळं सांगायला नको. झोपण्यासाठी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावानं खाटा, स्वच्छतागृहं आणि स्वयंपाकाची सोय केलीय. लाइनवर जाणार असाल तर आपल्या मार्गावर ती कुठं आहे, हे आधीच बघून ठेवा.

अपघात झाला तर?

लोकल ड्रायव्हरचा अपघात ओळखीच्या गावात होतो, लाइनवाल्याचा परमुलखात. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि राज्यात पंपांवर रांगा लागल्या, तो याच भीतीपोटी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे कलम बाजूला ठेवण्यात आलं. पण जबाबदारी संपलेली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आधीपासून आहे : जखमीला उपचार मिळवून द्यायचे, आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवायचं.

त्याच कलमात जमावाच्या संतापाचा उल्लेख आहे. जमाव अंगावर येत असेल तर ड्रायव्हरनं तिथंच थांबून मार खावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही. गाडी सोडून जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टोलनाक्यावर जा, ११२ ला फोन करा, शेठला कळवा. शेठचा नंबर, विम्याच्या पॉलिसीचा नंबर आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. अपघातात मोबाइल बऱ्याचदा केबिनमध्येच राहून जातो.